पुढच्या महायुद्धाच्या गोष्टी (१८७१–१९१४): भाकीत खरं ठरलं म्हणून कथा चांगली?

कोराकागद (रविवार, रात्री १०:५२)

गेले दोन आठवडे एकाच पुस्तकात अडकलोय. आय. एफ. क्लार्क यांनी संपादित केलेला 'द टेल ऑफ द नेक्स्ट ग्रेट वॉर, १८७१–१९१४'. लिव्हरपूल युनिव्हर्सिटी प्रेसने १९९५ साली काढलेला कथासंग्रह. सगळ्या न झालेल्या युद्धांच्या गोष्टी, म्हणजे लिहिल्या तेव्हा तरी न झालेल्या. क्लार्क हे या विषयातले दादा माणूस. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि १९६६ साली आलेल्या त्यांच्या 'व्हॉइसेस प्रॉफेसाइंग वॉर'पासूनच या प्रकारावर लिहिणारे अजून सुरुवात करतात.

पुस्तकपरिचय लिहिणार होतो, पण डोक्यात वेगळंच घोळतंय. या कथांचा विषय निघाला की गाडी हमखास एकाच स्टेशनात थांबते: कोणाचं भाकीत खरं ठरलं? एच. जी. वेल्सने १९०३ सालच्या कथेत रणगाडे ओळखले, शाब्बास. शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलने पाणबुड्या ओळखल्या, पैकीच्या पैकी. बाकीचे नापास. अरे, ही समीक्षा आहे की पत्रिका जुळवणं?

संग्रहातली सगळ्यात गाजलेली कथा घ्या, 'द बॅटल ऑफ डॉर्किंग'. मे १८७१ मध्ये 'ब्लॅकवूड्स मॅगझिन'मध्ये निनावी छापून आली. जर्मनांनी फ्रान्सला लोळवून जेमतेम चार महिने झाले होते. कथेत कोणीतरी इंग्लंडवर चालून येतं. देशाचं नाव कुठेच नाही, पण शिपाई बोलतात जर्मन. ब्रिटिश आरमार बुडतं, फौज जगभर विखुरलेली, आणि लंडनच्या दक्षिणेला डॉर्किंगजवळच्या डोंगरधारेवर हौशी स्वयंसेवकांना उभं केलं जातं. निवेदक त्यातलाच एक, सरकारी कचेरीतला कारकून. पन्नास वर्षांनी म्हातारा होऊन नातवंडांना सांगतोय.

भाकीत म्हणून ही कथा साफ पडली. डॉर्किंगला कोणी आलं नाही. पण वाचताना अंगावर काय येतं ते सांगतो. हुकूम येतात, बदलतात, पुन्हा बदलतात. रसद वेळेवर नाही. आपल्याला कोण कुठे हाकतंय हे शिपायाला शेवटपर्यंत कळत नाही. मग पळापळ, आणि निवेदक मित्राच्या घरी पोचतो. मित्र जखमी होऊन मरतो, त्याचं लहान पोर तोफगोळ्याच्या तुकड्याने गेलेलं. आणि त्याच घरात जर्मन शिपाई ठाण मांडून खातपीत बसलेले. एवढंच. रणभूमीवरचा एकही पराक्रम मला आठवत नाही, ते घर मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं की या कथा भाकीत म्हणून वाचूच नयेत. कोणाला कशाची भीती वाटत होती, त्याची ती दप्तरं आहेत. पटतंय का?

दुसरा_बाजीराव (रविवार, रात्री ११:१५)

जागा पकडून ठेवतो. सकाळी वाचतो.

जुनाबाजार (सोमवार, सकाळी ९:०४)

लेख आवडला, निष्कर्ष नाही आवडला.

या कथा लिहिणाऱ्यांनी 'आमचं साहित्य वाचा' असं म्हटलंच नव्हतं. 'सैन्य वाढवा, पैसे काढा' असं म्हटलं होतं. डॉर्किंगचा लेखक जॉर्ज चेस्नी स्वतः लष्करी इंजिनिअर. त्याला सरकारला हलवायचं होतं आणि त्याने ते हलवलं. अंकाच्या पुन्हा पुन्हा प्रती काढाव्या लागल्या, मग स्वस्त पुस्तिका निघाली, उत्तरादाखल 'डॉर्किंगनंतर काय झालं', 'डॉर्किंगची दुसरी बाजू' अशा पुस्तिकांचा पाऊस पडला. शेवटी खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन सप्टेंबरमध्ये व्हिटबीच्या सभेत उठून म्हणाले की या घबराटीपासून सावध राहा. एका मासिकातल्या कथेवर पंतप्रधानाचं भाषण! ही त्या कथेची पहिली मोठी समीक्षा समजा, आणि ती पूर्णपणे राजकीय होती. लेखकाने स्वतःच मांडलेल्या तराजूत त्याला तोललं तर तक्रार कसली?

आणि भाकीत फसलं म्हणता, तर इशारा कामी आला की तो खोटाच ठरणार ना. गावात दवंडी पिटली, लोक जागे राहिले, दरोडा पडला नाही. मग दवंडीवाला खोटारडा?

कोराकागद (सोमवार, सकाळी ९:४०)

दवंडीवाला खोटारडा नाही, मान्य. पण त्या दवंडीवाल्याला वर्तमानपत्राचा खप वाढवायचा असेल तर?

१९०६ सालचा विल्यम ल क्यू आठवा. 'डेली मेल'साठी 'द इन्व्हेजन ऑफ १९१०' लिहिली. जर्मन फौज लंडनवर चालून येते. लष्करी सल्ल्याला फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स, म्हणजे आपल्याच कानपुरात जन्मलेला, हिंदुस्थानचा माजी सरसेनापती. नकाशावर चढाईचा मार्ग लष्करी शहाणपणाने आखला होता. मालक नॉर्थक्लिफने तो बघितला आणि बदलायला लावला, कारण त्या वाटेवर वाचक असलेली गावं कमी होती! मग जर्मन फौज खपाच्या गावांतून फिरली, आणि लंडनच्या रस्त्यांवर प्रशियन गणवेश घातलेली माणसं पाट्या अडकवून जाहिरात करत हिंडली. या प्रकाराला 'इशारा' म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

जुनाबाजार (सोमवार, सकाळी ९:५१)

हा गुण तुमचा. पण ल क्यू आणि चेस्नी एका माळेत ओवू नका.

बे_एरिया_बंडू (सोमवार, सकाळी १०:२०)

इकडे झोपायची वेळ झाली आहे, पण विनोदी लेखक वुडहाउसचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून राहवलं नाही. १९०९ सालचं 'द स्वूप!'. ल क्यू आणि मंडळींचं असं वाभाडं दुसऱ्या कोणी काढलं नसेल. एक-दोन नाही, नऊ फौजा एकाच वेळी इंग्लंडात उतरतात, आणि देश वाचवतो कोण तर क्लॅरन्स नावाचा बालवीर. माझी सगळ्यात लाडकी जागा: वर्तमानपत्राच्या ताज्या बातम्यांत आधी सरे क्रिकेट संघाचा धावफलक, १४७ वर ८, मग 'जर्मन सैन्य एसेक्समध्ये उतरलं', आणि लगेच खाली घोड्यांच्या शर्यतीचा निकाल.

माझ्या मते या सगळ्या साहित्यप्रकारावरची सर्वोत्तम समीक्षा त्या तीन ओळीत आहे. आता झोपतो.

तिरफळ (सोमवार, दुपारी १:३३)

बंडू, दंडवत. ऑफिसात डबा खाताना वाचलं आणि ठसका लागला.

कोराकागद, चेस्नीबद्दल एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती मला फार महत्त्वाची वाटते. हा माणूस १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात होता. बंगाल इंजिनिअर्समधला अधिकारी, तिथे जबर जखमी झाला. म्हणजे शहर पडतं तेव्हा काय होतं, घरात शिपाई शिरतात तेव्हा काय होतं, हे त्याने पाहिलं होतं. फक्त उलट्या बाजूने. तुम्ही म्हणता ते मित्राचं घर, मेलेलं पोर, जेवायला बसलेले परके शिपाई... हे सरे परगण्यातलं घर त्याने कुठल्या गल्लीतून उचललं असेल?

पुरावा नाही, माझा तर्क आहे. पण कथा पुन्हा वाचली तेव्हा ते घर मला दिल्लीतलंच दिसलं.

योगायोग असा की १८७१ सालीच, त्याच सरे परगण्यात, कूपर्स हिलला हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी इंजिनिअर घडवणारं कॉलेज त्याच्याच पुढाकाराने उभं राहिलं आणि तोच त्याचा पहिला प्रमुख झाला. एका हाताने साम्राज्य बुडाल्याची गोष्ट लिहायची, दुसऱ्या हाताने त्याच साम्राज्यासाठी इंजिनिअर घडवायचे. कथेच्या शेवटी हिंदुस्थान हातचा गेलेला असतो, आणि तो उल्लेख कसा येतो? हरवलेल्या सामानाच्या यादीतला एक जिन्नस म्हणून.

कोराकागद (सोमवार, दुपारी २:०५)

तिरफळ, कमाल. दिल्लीचा वेढा मला माहीत होता, पण ते घर आणि तो वेढा मी कधी एकत्र ठेवून पाहिला नव्हता. ही कथा आता पूर्वीसारखी वाचता येणार नाही.

रानवाट (सोमवार, संध्याकाळी ७:१८)

चर्चा छान चालली आहे, मी जरा मिठाचा खडा टाकते.

याच संग्रहात जॅक लंडनची 'द अनपॅरलल्ड इन्व्हेजन' आहे. १९१० साली छापलेली, घडते १९७६ मध्ये. चीनची लोकसंख्या वाढत चालली म्हणून पाश्चात्य देश एकत्र येतात आणि विमानांतून रोगजंतू टाकून अख्खा देश मारतात. देवी, कॉलरा, प्लेग, पीतज्वर, सगळे एकदम. जे पळायला बघतात त्यांच्यासाठी सीमेवर फौजा उभ्या. मग रिकाम्या देशात साफसफाई करून वसाहत. निवेदनाचा सूर कसा, तर नगरपालिकेच्या वार्षिक अहवालासारखा.

हिच्याबद्दल दोन मतं नेहमी ऐकू येतात. एक, जॅक लंडनला चीनविषयी जी वंशद्वेषी भीती होती तिचं हे उघडं रूप. दोन, तो गोऱ्यांच्याच क्रौर्यावर उपहास करतोय. मला दुसरं मत सोयीचं वाटतं, खरं वाटत नाही. उपहास असेल तर तो लेखकाने इतका खोल पुरलाय की कुदळ घेऊन जावं लागेल.

पण एक प्रसंग आहे, तो कोणी विसरू शकणार नाही. पेकिंगवर एक चिमुकलं विमान येतं. त्यातून काचेच्या नळ्या पडतात आणि रस्त्यांवर, छपरांवर फुटतात. स्फोट नाही, धूर नाही. एक नळी एका बागेतल्या माशांच्या तळ्यात पडते आणि फुटत नाही. घरमालक ती बाहेर काढतो. उघडायचं धाडस होत नाही म्हणून मित्रांना घेऊन, मागे वाढती गर्दी, तिथल्या न्यायाधिकाऱ्याकडे जातो. हा माणूस शूर. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. तो आपल्या पितळी चिलमीने नळी फोडतो. काहीच होत नाही. जवळच्या एक-दोघांना वाटतं की डास उडाले असावेत. गर्दी हसते आणि पांगते.

ते हसणं वाचून मी पुस्तक मिटलं होतं.

कोराकागद, तुम्ही म्हणता भीतीची दप्तरं. ठीक. पण ही भीती कोणाची? आणि मेले कोण? भित्रा एक आणि मरणारा दुसरा असेल तर त्या दप्तरावर आपण 'किती प्रामाणिक भीती' म्हणून मान डोलवायची?

दुसरा_बाजीराव (सोमवार, रात्री ८:०२)

इतक्या जुन्या कथेला आजची फूटपट्टी लावायची का, हा नेहमीचा प्रश्न. त्या काळी सगळेच तसं लिहीत.

रानवाट (सोमवार, रात्री ८:१०)

सगळेच? वेल्स त्याच्या एक तप आधी 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' लिहून गेला होता. त्यात पहिल्याच प्रकरणात तो इंग्रजांना सांगतो की मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी टास्मानियाच्या लोकांचं आपण काय केलं ते आठवा. तेव्हा 'त्या काळी' वगैरे राहू द्या.

आजीचीगोधडी (सोमवार, रात्री ९:२६)

मी वैज्ञानिक कथा वगैरे फार वाचत नाही, पण रानवाट यांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. प्लेग हा शब्द आमच्या घरात वेगळ्या तऱ्हेने यायचा. माझी पणजी सांगायची असं आजी सांगायची: घरात उंदीर पडला की गाव सोडायचं. बाहेर माळावर झोपड्या घालायच्या, चूल तिकडे, जनावरं तिकडे. गावात नुसती कुलपं. परत आल्यावर कोणाची दारं उघडली नाहीत ते मोजायचं.

मुंबईत प्लेग आला १८९६ ला, पुण्यात लगोलग. आणि पुण्यात रोगापेक्षा तपासणीचे गोरे सोल्जर घरात शिरायचे त्याचा धसका जास्त होता. त्यातूनच जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला. म्हणजे लंडन साहेबांनी ती कथा छापली तेव्हा आपल्याकडे माणसं खरोखर प्लेगने मरत होती, आणि 'साफसफाई' करणारे सैनिक त्याआधीच खरोखर दारात येऊन गेले होते. हे आपण वाचताना मनात येणारच. अमेरिकेतल्या वाचकाच्या मनात आलं असेल का, कोण जाणे.

कोराकागद (सोमवार, रात्री १०:४४)

दिवसभर कामात होतो आणि इकडे धाग्याने माझी पार दांडी उडवली.

रानवाट, तुमच्या प्रश्नापुढे माझं मूळ म्हणणं अपुरं पडतं, हे कबूल करतो. 'कोणाला कशाची भीती' एवढंच विचारून थांबणं म्हणजे लेखकाच्याच खोलीत बसून राहणं. तळ्यातून नळी काढणाऱ्या माणसाच्या बाजूनेही वाचायला हवं. तरीही ती कथा संग्रहात घेतली हे क्लार्क यांनी बरोबर केलं असंच मला वाटतं. शेजारी डॉर्किंग असल्यामुळेच ती उघडी पडते. डॉर्किंगमध्ये एक पोर मरतं तर आपण हळहळतो. इथे अख्खा देश मरतो आणि निवेदकाचा आवाजसुद्धा चढत नाही. वेगवेगळी वाचली असती तर हे कळलं नसतं.

माझी तक्रार वेगळी आहे. असे संग्रह वाचताना वाटतं की पुढच्या युद्धाची कल्पना करण्याचा मक्ता दोन-चार देशांकडेच होता.

दुसरा_बाजीराव (सोमवार, रात्री ११:०१)

हेच विचारणार होतो. मराठीत असं काही का नाही? पुढच्या लढाईची गोष्ट?

तिरफळ (मंगळवार, सकाळी ८:१५)

कारण ज्याच्या हातात फौज नाही, त्याला पुढच्या लढाईची स्वप्नं कशी पडणार? त्याला मागचीच पडतात.

आपल्याकडची कल्पित लढाई म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' येते. विश्वासरावांना लागलेली गोळी कानाला चाटून जाते, तिळाएवढ्या फरकाने, आणि तिथून सगळा इतिहास वेगळी वाट धरतो. प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगातल्या मुंबईत पोचतात तर तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे, पण देश गुलाम नाही. आणि आवडती गोष्ट ही की नारळीकर ती लढाई रंगवत बसत नाहीत. प्राध्यापक टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळतात आणि पानिपत कुठे फिरलं ते शोधतात. पुरावा काय, तर बखरीचं एक फाटकं पान. मग आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षांची रिकामी खुर्ची बघून न राहवून भाषण ठोकायला जातात आणि लोक त्यांच्यावर टोमॅटो-अंडी फेकतात. विजयी देशातसुद्धा आपली सभा ती आपलीच.

नारळीकर २० मे २०२५ ला गेले. तेव्हा ही कथा पुन्हा वाचली. डॉर्किंगच्या नेमकी उलटी आहे ती. चेस्नीला हातात असलेलं जाईल याची धास्ती, आणि इथे गेलेलं गेलं नसतं तर याची हुरहुर.

अवांतर: इंग्रजांच्या कल्पित युद्धांत आपलं स्थान काय हे बघायचं तर इंग्रज लेखक साकीची १९१३ सालची 'व्हेन विल्यम केम' कादंबरी बघा. जर्मनांनी इंग्लंड जिंकलंय, आणि इंग्रज राजा दरबार थाटून कुठे बसलाय? दिल्लीत! म्हणजे आपण मागचं अंगण. साकी स्वतः पुढच्याच महायुद्धात, नोव्हेंबर १९१६ मध्ये, फ्रान्सच्या आघाडीवर गोळी लागून गेला.

जुनाबाजार (मंगळवार, सकाळी ११:३०)

मागच्या अंगणावरून आठवलं. डॉयलची 'डेंजर!' कथा याच संग्रहात आहे. जुलै १९१४ च्या 'स्ट्रँड'मध्ये आली. नॉरलँड नावाचा एक चिमुकला देश फक्त आठ पाणबुड्या घेऊन इंग्लंडकडे येणारी धान्याची जहाजं बुडवतो आणि इंग्लंड गुडघे टेकतं. मासिकाने कथेसोबत तज्ज्ञांची मतं छापली होती. त्यात निवृत्त ॲडमिरल म्हणतात की कोणतंही सुसंस्कृत राष्ट्र निःशस्त्र व्यापारी जहाजं बुडवणार नाही. म्हणजे कथेसोबत समीक्षाही छापून आली, आणि दहा महिन्यांत, मे १९१५ ला, लुसिटानिया बुडाली. कथेपेक्षा त्या समीक्षकांचं भाकीत जास्त वाचनीय आहे, असं माझं मत!

आणि हे समुद्रातलं मरण आपल्या अंगणापर्यंत आलं होतं. 'वुल्फ' या जर्मन जहाजाने मुंबईबाहेर सुरुंग पेरले, आणि जून १९१७ मध्ये 'मोंगोलिया' नावाची पी अँड ओ कंपनीची बोट त्यांतल्याच एकावर आदळून बुडाली. डॉयलच्या कथेत मुंबई आलेली मला तरी आठवत नाही.

माणदेशी (मंगळवार, रात्री ९:४८)

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

तुम्ही सगळे न झालेल्या लढायांबद्दल लिहिताय. मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे बऱ्याच गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली असते. वर इंग्रजी मजकूर, या गावातून इतके लोक १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. नावं नाहीत, फक्त आकडे. आमच्या गावच्या पाटीवर दर दिवाळीला चुना मारला जातो, त्यामुळे अक्षरं बुजत आलीत. लहानपणी आम्ही त्या अक्षरांत बोट घालून आकडा वाचायचो. अपशिंगे गावाचे तर ४६ जण परत आले नाहीत.

ती माणसं कुठे गेली होती? मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात १४७ दिवस अडकले, खायला उरलं नाही, घोडे मारून खायची वेळ आली आणि आपल्यातले बरेच जण ते मांस खाईनात. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. मग कैद.

मला विचारायचं होतं की त्या पुस्तकात एवढ्या लोकांनी पुढच्या युद्धाची एवढी कल्पना केली, तर साताऱ्याचा माणूस टायग्रिसच्या काठी उपाशी बसेल अशी कल्पना एकानेही केली आहे का?

कोराकागद (मंगळवार, रात्री १०:३०)

नाही. एकानेही नाही. आत्ता पुन्हा चाळून बघितलं.

रानवाट (मंगळवार, रात्री १०:३४)

माणदेशी, त्या पाटीचा फोटो टाकता का? चुन्याखालचं जेवढं दिसेल तेवढं.

माणदेशी (मंगळवार, रात्री १०:५०)

शनिवारी गावी चाललोय, टाकतो. जमलं तर ओल्या फडक्याने थोडं पुसून बघतो.

जुनाबाजार (मंगळवार, रात्री ११:०२)

कोराकागद, तुमचं झालं असेल तर पुस्तक मला हवंय. कोथरूडला येऊन घेऊन जाईन.

कोराकागद (मंगळवार, रात्री ११:०९)

या. जॅक लंडनच्या कथेत समासात पेन्सिलने कोणीतरी उद्गारचिन्हं काढली आहेत, ती माझी नाहीत. चहाचा डाग मात्र माझाच आहे. पुढचा नंबर माणदेशींचा, तेव्हा महिनाभरात परत करा.